विश्लेषण : रस्ता सुरक्षेचा निधी अडतो कुठे? मुरुडसारख्या गावांसाठी अटी काय आहेत?

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड हे लातूर तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. स्वतंत्र तालुका द्या, अशी मागणी वर्षानुवर्षे करणारे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स, एसटी, मालट्रक आणि शाळकरी मुलांच्या सायकली हे सगळे एकाच रस्त्यावर येते. अशा गावांत मोठा अपघात झाला की दोन मागण्या ठरलेल्या असतात. गतिरोधक टाका आणि दिवे लावा. निवेदन दिले जाते, प्रसंगी रास्ता रोकोही होतो. कार्यालयातून येणारे उत्तरही ठरलेले असते: निधी नाही.

हे उत्तर अर्धेच खरे असते. रस्ता सुरक्षेसाठी केंद्राचा पैसा आहे, राज्याचा आहे, ग्रामपंचायतीकडेही थोडाफार आहे. पण यातला प्रत्येक रुपया अटी घेऊन येतो. पैसा मागणाऱ्याने आधी काय सिद्ध करायचे, मिळाल्यावर कशावर खर्च करायचा आणि खर्च झाल्यावर हिशेब कुठल्या नमुन्यात द्यायचा, हे सगळे आधीच ठरलेले असते. कामे बहुधा इथेच अडतात.

विषय कागदपत्रांचा वाटला तरी त्यामागचे आकडे गंभीर आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यात महाराष्ट्रातले १५ हजार २२४ होते. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला तिसरा क्रमांक लागला. देशातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. म्हणजे चर्चा पुण्या-मुंबईच्या सिग्नलची होते आणि माणसे मुरुडसारख्या गावांच्या रस्त्यांवर मरतात.

पैसा येतो कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने 'एस. राजसीकरन विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात ३० नोव्हेंबर २०१७ रोजी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक राज्यात रस्ता सुरक्षा परिषद असावी, एक मुख्य यंत्रणा असावी, प्रत्येक जिल्ह्यात समिती असावी. शिवाय ३१ मार्च २०१८ पर्यंत स्वतंत्र 'रस्ता सुरक्षा निधी' उभारावा, त्यात वाहतूक दंडाचा वाटा जमा व्हावा आणि वर्ष संपले म्हणून तो पैसा परत जाऊ नये, असेही सांगितले. महाराष्ट्रात वाहन नोंदणीच्या वेळी रस्ता सुरक्षा उपकरही घेतला जातो. ज्याने मोटारसायकल घेतली आहे, त्याने या निधीत आपला हिस्सा भरलेला आहे. पावती पाहिली नसेल, एवढेच.

जिल्ह्यात हा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे असतो. पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य विभागाचे अधिकारी तिथे एकत्र बसतात. गावाची मागणी या समितीच्या इतिवृत्तात आली तर तिला पाय फुटतात. नुसत्या निवेदनाला पोच मिळते.

रस्ता कुणाचा?

पहिली अट इथेच लागते. सरकारी पैसा ज्याच्या मालकीचा रस्ता, त्याच्याचमार्फत खर्च होतो. गावातला अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा, दोन गावांना जोडणारा बहुधा जिल्हा परिषदेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग केंद्रीय मंत्रालयाच्या अखत्यारीतला. महामार्ग गावाच्या मधून गेला म्हणून तो गावाचा होत नाही. तिथे दिवा लावायचा, पट्टे मारायचे, दुभाजक तोडायचा किंवा बांधायचा तर त्या यंत्रणेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते न घेता ग्रामपंचायतीने खर्च केला, तर काम कितीही चांगले असले तरी लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो आणि सरपंच-ग्रामसेवकांना उत्तर द्यावे लागते.

गतिरोधकाची मागणीही इथेच गळते. राष्ट्रीय महामार्गांवर नेहमीचे गतिरोधक नकोत, अशी मंत्रालयाची भूमिका २०१६ पासून स्पष्ट आहे. त्याऐवजी वेग कमी करायला लावणाऱ्या खडबडीत पट्ट्या, आधीच लावलेले इशाराफलक, चौकाची सुधारणा असे उपाय मागावे लागतात. निवेदनात 'गतिरोधक' लिहिले की फाईल नियमावर बोट ठेवून परत येते. तीच मागणी 'शाळेसमोर वेगनियंत्रणाचे उपाय' अशी लिहिली तर निदान तिच्यावर चर्चा होऊ शकते.

नोंद नाही तर 'ब्लॅक स्पॉट' नाही

सुरक्षेच्या मोठ्या कामांत सर्वाधिक प्राधान्य मिळते ते अपघातप्रवण स्थळांना, म्हणजे 'ब्लॅक स्पॉट'ना. राष्ट्रीय महामार्गासाठी त्याची व्याख्या पक्की आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात मागील तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झालेले असावेत, किंवा तीन वर्षांत मिळून दहा मृत्यू झालेले असावेत. यातले काहीच बसत नसेल तर ती जागा गावकऱ्यांच्या लेखी कितीही धोक्याची असली, तरी सरकारी लेखी ती साधी जागा ठरते.

आता ही मोजणी होते कशी, ते पाहणे महत्त्वाचे. पूर्वी ती पोलीस ठाण्याच्या रजिस्टरवरून होत असे. 'मुरुड शिवारात, लातूर-बार्शी रोडवर' एवढाच पत्ता असलेला गुन्हा नकाशावर नेमका कुठे टेकवणार? म्हणून २०२१ पासून 'आयरॅड' ही अपघात नोंद प्रणाली आली. आयआयटी मद्रासने ती तयार केली आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अपघातस्थळी गेलेल्या पोलिसाने मोबाइल ॲपवर तिथल्या तिथे नोंद करायची, फोटो टाकायचे, जीपीएसने जागा टिपायची. पुढे तिचीच विस्तारित आवृत्ती 'ई-डार' म्हणून वापरात आली.

यंत्रणा चांगली आहे. पण अभियंत्यांच्या भाषेत सांगायचे तर आत जसा डेटा जाईल तसाच बाहेर येईल. मध्यरात्री उसाच्या बंद ट्रॉलीवर दुचाकी आदळली, जखमीला नातेवाइकांनी परस्पर लातूरला नेले आणि दोन दिवसांनी रुग्णालयातून खबर आल्यावर पोलिसांनी ठाण्यात बसून नोंद केली, तर जीपीएसचा बिंदू कुठे पडेल? ठाण्याच्या इमारतीवर किंवा अंदाजाने एखाद्या किलोमीटर दगडावर. असे दोन अपघात पाचशे मीटरच्या बाहेर सरकले, की पाचाचे तीन होतात आणि चौक यादीतून बाहेर पडतो. गुन्हाच नोंदवायचा नाही, 'आपसात मिटवू' म्हणायचे, ही गावाकडची सवयही याच हिशेबात येते. मिटवलेला अपघात आकड्यात नसतो आणि आकड्यात नसलेल्या वळणाला प्राधान्याचा निधी नसतो.

एक उणीव तर व्याख्येतच आहे. पाच कुटुंबांचे नुकसान झाल्यावर जागा पात्र ठरते. रस्त्याची रचनाच चुकीची आहे हे अपघाताआधी दाखवून देणारे 'रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण' कागदोपत्री बंधनकारक होत चालले असले, तरी गावाला दाद मागताना अजून मृतांचीच संख्या मांडावी लागते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे कलमही अपघातानंतरचेच आहे.

ग्रामपंचायतीच्या हातात काय?

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या निधीत ६० टक्के रक्कम 'बंधित' होती. ती पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची. उरलेली ४० टक्के 'अबंधित'. ती राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येते. पगार आणि आस्थापना खर्च मात्र त्यातून भागवायचा नाही. या २९ विषयांत रस्ते, मोऱ्या आणि पूल येतात. म्हणजे गावातून महामार्गाला मिळणाऱ्या स्वतःच्या रस्त्यावर पांढरे पट्टे, आरसा, फलक, दिवे हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेता येते. अट एवढीच, की ते आराखड्यात आधी आलेले असावे. ग्रामसभेत विषय निघाला नाही, तर वर्षाच्या मध्येच अपघात झाला म्हणून खर्च टाकता येत नाही. आराखडा बदलण्याची प्रक्रिया करावी लागते.

हा निधी गावापर्यंत येण्यालाही अटी होत्या. हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल ऑनलाइन खुले असावेत, स्थानिक संस्था निवडून आलेली असावी, राज्याने केंद्राचा पैसा दहा कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवावा, उशीर झाला तर व्याजासह द्यावा. महाराष्ट्रात २०२२ नंतर जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले आणि त्यांच्या वाट्याचा निधी याच अटीत अडकला. राज्यात ८० टक्के रक्कम ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के वरच्या दोन संस्थांना, अशी वाटणी आहे. दोन गावांमधला रस्ता बहुधा याच वरच्या संस्थांकडे असतो. निवडणूक कुणी लांबवली आणि भोगले कुणी, याचा विचार त्या अटीत नाही.

संस्थांना अनुदान मिळाले तर?

हेल्मेट जनजागृती, चालकांची नेत्रतपासणी, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावणे अशा कामांसाठी स्वयंसेवी संस्थांनाही सरकारी अर्थसाह्य मिळू शकते. केंद्राचा पैसा असेल तर नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर नोंदणी लागते. बाकी अटी 'सामान्य वित्तीय नियम २०१७' मध्ये, नियम २२८ पासून पुढे आहेत. त्या कडक आहेत.

याच कामासाठी दुसऱ्या विभागाकडून पैसे घेतलेले नाहीत किंवा मागितलेले नाहीत, हे लिहून द्यावे लागते. बंधपत्र द्यावे लागते. त्यात काम ठरल्या मुदतीत करण्याची, पैसा दुसरीकडे न वळवण्याची आणि काम परस्पर दुसऱ्या संस्थेला न देण्याची हमी असते. हमी मोडली तर रक्कम वार्षिक १० टक्के व्याजासह परत करायची. अनुदान बँकेत पडून राहिले आणि त्यावर व्याज मिळाले, तर तेही सरकारजमा करायचे. अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही. मंजुरी देणारा विभाग हिशेब तपासू शकतो आणि महालेखापरीक्षकही. गावातल्या छोट्या मंडळाने अर्ज करण्याआधी हे वाचावे. उत्साहाने बॅनर छापून मोकळे झालेल्यांना दोन वर्षांनी नोटीस येते, तेव्हा पावत्या सापडत नाहीत.

उपयोगिता प्रमाणपत्र नेमके काय सांगते?

सगळ्या अटींची राणी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. नियम २३८ प्रमाणे ते आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे. जानेवारी २०२४ मध्ये पैसे मिळाले, तर वर्ष ३१ मार्च २०२४ ला संपते आणि मुदत ३१ मार्च २०२५ ला. ते दिले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. इथेच गोम आहे. हप्ता थांबतो तो रखडवणाऱ्या कार्यालयाचा, पण अंधारात राहतो तो चौक.

संस्थांसाठीचा नमुना 'जीएफआर १२-ए' वाचण्यासारखा आहे. सुरुवातीला शिल्लक किती, मिळाले किती, व्याज किती, खर्च किती, उरले किती, हा हिशेब काटेकोर आहे. खाली अधिकारी प्रमाणित करतो, की अनुदानाच्या अटी पाळल्या गेल्या आहेत आणि त्याची आपण खातरजमा केली आहे. त्यानंतर एक रकाना परिणामांचाही आहे. निधीमुळे काय साध्य झाले, ते परिशिष्टात द्यायचे. मात्र त्या परिशिष्टाचा नमुना ज्या त्या मंत्रालयाने ठरवायचा असतो. पैशाचा हिशेब सगळ्यांना सारखा आणि परिणामाचा हिशेब ज्याचा त्याला.

समजा, एका चौकात सौरऊर्जेवर चालणारा लुकलुकता पिवळा दिवा बसला. खरेदी नियमाने झाली, जिओ-टॅग फोटो आला, प्रमाणपत्र वेळेत गेले. दोन वर्षांनी बॅटरी मेली. कागदावर कुठलीच अट मोडलेली नाही, कारण दिवा बसवायचा होता आणि तो बसला. देखभालीचा खर्च बहुधा ज्याला मिळाले त्यानेच करायचा असतो आणि त्यासाठी वेगळा पैसा नसतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राने राज्यांना आणि संस्थांना रुग्णवाहिका व क्रेन दिल्या, तेव्हाही गाडी केंद्राची आणि डिझेल-चालकाचा खर्च घेणाऱ्याचा, अशीच व्यवस्था होती. अटींमध्ये खरी कच्ची बाजू ही आहे.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र नियम पुढे गेले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आला. वेग टिपणाऱ्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. कॅमेऱ्याआधी इशाराफलक हवा. नियमभंगाची सूचना पंधरा दिवसांत गेली पाहिजे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरच्या धोकादायक टप्प्यांसह १३२ शहरांना हा नियम लागू झाला आणि त्या यादीत लातूर आहे. इथे देखभाल हीच अट आहे. प्रमाणपत्राची मुदत संपली, तर त्या कॅमेऱ्याच्या चलनाला आव्हान देता येते. दिव्यालाही अशीच वार्षिक तपासणी लावली असती, तर बंद बॅटऱ्या इतके दिवस खपल्या नसत्या.

आधी निकाल, मग पैसे

केंद्राने १४ राज्यांसाठी ७,२७० कोटी रुपयांचा रस्ता सुरक्षा साह्य कार्यक्रम आखला आहे. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचा त्यात मोठा वाटा आहे आणि महाराष्ट्र त्या राज्यांत आहे. त्याचे तत्त्व वेगळे आहे. खर्चाच्या पावत्यांऐवजी ठरलेल्या निकषांवरच्या कामगिरीवर रक्कम सुटते. अपघातांची माहिती एकसारखी नोंदवणे, रुग्णवाहिका सेवा एका क्रमांकाशी जोडणे आणि मृत्यू कमी करणे ही त्यातली दिशा आहे.

पैशाच्या दोरीने कायदा ओढून आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेचा. १९८४ मध्ये तिथल्या केंद्राने ठरवले, की ज्या राज्यात दारू विकत घेण्याचे किमान वय २१ नसेल, त्याच्या महामार्ग निधीचा काही भाग रोखायचा. साउथ डकोटा राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांनी वय २१ केले. अट एकच होती, मोजायला सोपी होती आणि पळवाट नव्हती.

आपल्याकडे निकालावर पैसे देण्यात एक धोका आहे. मृत्यू कमी दाखवले तर बक्षीस, असे समीकरण झाले की नोंद टाळण्याचा मोह वाढतो. म्हणून पोलिसांची नोंद रुग्णालयाच्या नोंदीशी आणि विमा दाव्यांशी ताडून पाहणे, ही अट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची ठरते. ई-डारचा खरा कस तिथेच लागेल.

मदत करणाऱ्यालाही अटी

जखमीला 'गोल्डन अवर'मध्ये, म्हणजे पहिल्या तासात रुग्णालयात नेणाऱ्याला केंद्राच्या 'राह-वीर' योजनेत २५ हजार रुपये मिळतात. आधी ही रक्कम ५ हजार होती, २०२५ मध्ये ती वाढली. अपघात गंभीर असावा लागतो: मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस रुग्णालयात उपचार, मेंदू किंवा मणक्याची इजा अथवा मृत्यू. पोलिसांनी लेटरपॅडवर नाव, पत्ता, मोबाइल, घटनेची वेळ आणि केलेली मदत लिहून पोच द्यायची असते. पुढचा निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य अधिकारी आणि आरटीओ यांची समिती घेते. रक्कम थेट बँक खात्यात येते. ती पोच मागून घ्यायला बहुतेक जण विसरतात आणि दावा तिथेच संपतो. नाव सांगायचे नसेल तर कायदा सक्ती करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण तरीही असते.

गावाने काय तपासायचे?

ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज' ॲपवर मोबाइलवरच दिसतो. तिथे रस्त्याचे किंवा दिव्यांचे काम कुठल्या वर्षात टाकले आणि किती खर्च झाला, हे कुणालाही पाहता येते. महामार्गावरच्या कामाची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातून माहिती अधिकारात मागता येते. तीन कागद मागावेत: जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे मागील वर्षाचे इतिवृत्त, त्या टप्प्यातल्या अपघातांची जागेसह यादी आणि झालेल्या कामाचे उपयोगिता प्रमाणपत्र परिशिष्टासह. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.